माहेरच्या रकान्यातील पाठभेद

घराण्यात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींना आपण 'आठवणी' म्हणतो आणि त्यांचा विचार तिथेच थांबवतो. आठवण खरी की खोटी, एवढाच प्रश्न मग उरतो. या गोष्टींकडे संहिता म्हणून पाहता येईल काय, आणि त्यांच्यातील विसंगतींना विस्मरण न म्हणता पाठभेद म्हणता येईल काय, हा प्रश्न माझ्यापुढे आला तो माझ्या आजीमुळे. माझी आजी चिनी होती. पनवेलला तिने सुमारे चार दशके संसार केला, मराठीत भांडली आणि मराठीत नातवंडांना जोजवले. ती गेल्यानंतरही बरीच वर्षे तिच्या माहेराविषयी आमच्या घरात एकच अधिकृत विधान प्रचलित होते: ती रंगूनची. आमच्या छापील कुलवृत्तांतातही आजोबांच्या नोंदीत पत्नीच्या 'माहेर' या रकान्यात तेवढाच एक शब्द आहे. कुलवृत्तांत हा वाङ्मयप्रकार स्त्रियांना जेमतेम दोन रकाने देतो, सासरचे नाव आणि माहेर. त्यांतील एक रकाना आमच्या घरात जाणूनबुजून चुकीचा भरला गेला होता.

तो शब्द कोणत्या परिस्थितीत घातला गेला हे ठरवणे अवघड नाही. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनशी युद्ध सुरू झाले आणि २१ नोव्हेंबरपासून चीनच्या एकतर्फी शस्त्रसंधीने ते थांबले. युद्ध महिनाभराचे होते, त्याच्या निमित्ताने निघालेले वटहुकूम आणि आदेश मात्र दीर्घायुषी ठरले. मुख्यतः आसाम आणि उत्तर बंगालमधील चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानातील देवली येथील छावणीत नेऊन ठेवण्यात आले, आणि त्यांतील काहींची सुटका व्हायला १९६७ साल उजाडले. इतरत्र राहणाऱ्या चिनी नागरिकांना परवानगीशिवाय आपला नोंदलेला पत्ता सोडून बाहेर राहता येईना. त्या काळातील आदेशांच्या परिभाषेत केवळ व्यक्तीचे नागरिकत्व नव्हे, तर तिच्या आईवडिलांचे आणि आजीआजोबांचे मूळही विचारात घेतलेले होते. 'आजी' हा शब्द कायद्याच्या भाषेत संशयाचा निकष होऊ शकतो, हे मला त्या आदेशांविषयी वाचताना प्रथम कळले.

राज्यघटनेच्या पाचव्या कलमाने पाहिले तर आजी बहुधा नागरिकच ठरली असती. अधिवास इथला, आणि घटना अमलात येण्यापूर्वीची पाच वर्षांहून अधिक सलग वस्ती इथली. पण भ्यालेली माणसे कलमे वाचत नाहीत. नोव्हेंबर १९६२ मध्ये कोणीतरी चौकशीला घरी येऊन गेले आणि त्या संध्याकाळी आजोबांनी मुलांना एकत्र बसवून सांगितले, "कुणी विचारलं तर आई रंगूनची." असे काका सांगतात. आत्यांच्या मते हे आजोबांनी नव्हे, खुद्द आजीनेच सांगितले. हा पहिला पाठभेद. तो क्षुल्लक नाही. एका पाठात आजी ही संरक्षण दिली गेलेली स्त्री आहे. दुसऱ्यात ती स्वतःच्या चरित्राची पहिली संपादक आहे.

रंगूनच का, यालाही कारण आहे. कोकणाला ब्रह्मदेश परका नव्हता. पदच्युत झालेला थिबा राजा १८८६ ते १९१६ पर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत राहिला आणि तिथेच वारला. त्याच्या मुलीची मुलगी रत्नागिरीतच मराठी बोलत, मराठी संसार करत म्हातारी झाली. १९४२ मध्ये जपानी आक्रमणामुळे ब्रह्मदेशातून परतलेल्या भारतीयांच्या हकीकतीही लोकांच्या कानांवर होत्या. बारीक डोळ्यांच्या, ठेंगण्या स्त्रीला कोकणी समाजाच्या कथाविश्वात एक तयार जागा होती, आणि ती ब्रह्मी स्त्रीची होती. खोटी गोष्टसुद्धा श्रोत्यांच्या परिचित कथांच्या साच्यात बसावी लागते. पनवेलने ती स्वीकारली. भातगिरण्यांचे आणि बैलगाडीच्या चाकांचे ते गाव बंदरामुळे नाना प्रकारच्या माणसांना सरावलेले होते. १८४९ पासून तिथे बेने इस्रायलांचे बेथ एल सिनेगॉग आहे. शनिवारी चूल न पेटवणाऱ्या शेजारणी असलेल्या आळीत रंगूनची आणखी एक शेजारीण सहज खपून गेली असावी.

या गोष्टींची जुळवाजुळव मी करू लागले तेव्हा पाठचिकित्साशास्त्राचा एक मराठी अभ्यासकाला सहज उपलब्ध असलेला आदर्श समोर होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, १९२५ पासून वि. स. सुखटणकर तिचे प्रमुख संपादक होते आणि १९६६ मध्ये ती पूर्णत्वास गेली. या आवृत्तीची दोन तत्त्वे इथे प्रस्तुत आहेत. एक, परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या परंपरा जिथे एकमुखाने बोलतात तो पाठ सर्वांत बळकट. दोन, सोपा पाठ आणि कठीण पाठ यांत निवड करायची झाल्यास कठीण पाठ बहुधा जुना असतो, कारण लेखनिक अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द घालतो, उलट करत नाही.

माझ्यापुढे तीन परंपरा होत्या. पहिली माझ्या वडिलांची. तिच्यानुसार आजीचे वडील माझगावच्या गोदीत सुतार होते, आजीचा जन्म मुंबईतलाच आणि आजोबा गोदीत कारकून असताना दोघांची ओळख झाली. आर्य समाजाच्या पद्धतीने लग्न झाले आणि आजोबांनी मुंबई सोडून पनवेलला गिरणीत नोकरी धरली. ही सुसंगत, सुटसुटीत आणि कायद्याच्या दृष्टीने निर्धोक गोष्ट आहे. जन्म मुंबईचा असणे यात फार महत्त्वाचे आहे, आणि म्हणूनच ते संशयास्पदही आहे. दुसरी परंपरा काकांची. तिच्यात सुतार आहे, पण तो वडील नाही. तो 'मालक' आहे. काका या शब्दावर थबकतात आणि मग म्हणतात, "म्हणजे आई त्यांच्याकडे राहायची." तिसरी परंपरा आत्यांची. ती तुटक आहे, तिला ना सुरुवात ना शेवट. तिच्यात एक शब्द आहे, एक सवय आहे आणि एक प्रसंग आहे.

सवय अशी की आजी मोजदाद आपल्या भाषेत करायची. अंडी, पापड, धोब्याचे कपडे. मराठीत हिशेब सांगायची, पण मोजताना ओठांतल्या ओठांत 'यात, यी, साम'. हे कँटनी भाषेतले एक, दोन, तीन. मुंबईतल्या जुन्या चिनी वस्तीचे मूळ मुख्यत्वे दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतात होते. माझगावात १९१९ मध्ये उभारलेल्या चिनी देवळाचे 'सी यूप' हे नावच त्या प्रांतातील चार परगण्यांचे वाचक आहे. रंगूनचा पाठ इथेच गळून पडत नाही, कारण कँटनी माणसे रंगूनलाही होती. पण तो अनावश्यक ठरतो.

शब्दाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. घरात सर्वांना माहीत असलेली एक ओळ अशी, की आजीच्या माहेरी अंगणात जुई-जाई होती. वडील ही ओळ सांगत, काका सांगतात, आम्ही नातवंडांनीही ती शाळेतल्या निबंधांत वापरली आहे. मराठी मनाला माहेर म्हटले की अंगण आणि अंगण म्हटले की फुले लागतात. जात्यावरच्या ओव्यांनी ते चित्र आपल्यात इतके मुरवले आहे की ही ओळ कोणालाही खटकली नाही. माझगावच्या चाळीत अंगण कुठले, असा प्रश्नही कोणी विचारला नाही. आत्यांनी मात्र वेगळे सांगितले. त्या सात-आठ वर्षांच्या असताना त्यांनी आजीला विचारले होते, "तू माहेरी कोण होतीस?" त्यावर आजीने उत्तर दिले ते 'जुई-जाई' असे नव्हते. "मुई-जाय असं काहीतरी म्हणाली. मी बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, जुई-जाई म्हणत असेल. मग तेच झालं."

लेखनिकाने अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द घालावा, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. 'मुई-जाय' हा कँटनी शब्द आहे आणि एका जुन्या प्रथेचे ते नाव आहे. गरीब घरातली लहान मुलगी पैसे घेऊन सुस्थितीतल्या घराला देऊन टाकायची, तिने त्या घरी पगाराविना राबायचे आणि वयात आल्यावर मालकाने तिचे लग्न लावून द्यायचे, अशी ही रीत. हाँगकाँगच्या ब्रिटिश सरकारने १९२३ मध्ये तिच्याविरुद्ध कायदा केला, १९२९ मध्ये अशा मुलींची नोंदणी सक्तीची केली, आणि तरीही १९३६-३७ मध्ये हाँगकाँग व मलायातील या प्रथेची चौकशी करण्यासाठी आयोग नेमावा लागला. या प्रथेतून गेलेल्या जॅनेट लिम यांनी सिंगापूरमधल्या आपल्या आयुष्याची कहाणी १९५८ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली. ती वाचताना मला आजीच्या मौनाची लांबी-रुंदी कळू लागली.

परंतु इथेही कठीण पाठ अंतिम उत्तर देत नाही. कँटनी ही सुरांची भाषा आहे. याच दोन अक्षरांचा उच्चार एका सुरात केला तर अर्थ होतो घरकामाला ठेवलेली विकत मुलगी, आणि दुसऱ्या सुरात केला तर नुसती लहान मुलगी, धाकटी. आत्यांच्या मराठी कानाने अक्षरे जपली, सूर जपला नाही. 'तू माहेरी कोण होतीस?' या प्रश्नाला 'मी दासी होते' हे उत्तर होते की 'मी धाकटी होते' हे, याचा निर्णय केवळ शब्दावरून करता येणार नाही. शिवाय नात्याचा शब्द दास्यासाठी वापरण्याची सोय प्रत्येक भाषा करून ठेवते. पेशवाईतील कागदपत्रांत 'बटीक' आणि 'कुणबीण' हे शब्द उघड खरेदी-विक्रीच्या हिशेबात येतात, आणि त्याच काळातल्या घरांत अशा स्त्रियांना नात्याने हाक मारली जात नसेल असे मानण्याचे कारण नाही. १८४३ च्या कायद्याने हिंदुस्थानात गुलामीची कायदेशीर मान्यता संपली. तिच्यासाठीची गोड संबोधने मात्र कोणत्याही कायद्याने रद्द होत नसतात.

निर्णय करायचा तर तो प्रसंगावरून. मुंबईच्या एका नातेवाइकांनी आत्यांना आपल्याकडे पाठवण्याची सूचना केली होती: शिक्षण होईल, घरकामात थोडा हात लागेल. त्या काळात ही कृपा समजली जाई, आणि आजोबा राजी होते. आजी उंबऱ्यावर बसली. "मुलगी द्यायची नाही," एवढेच म्हणाली, आणि पाहुणे परत जाईपर्यंत उठली नाही. ही हकीकत वडिलांनी सांगितली, काकांनी सांगितली, आत्यांनीही सांगितली. तिघांच्या इतर सर्व कथनांत तपशिलांची ओढाताण आहे, इथे ती नाही. वाक्य तेच आहे, क्रियापदही तेच. 'पाठवायची नाही' असे कोणीच सांगत नाही. 'द्यायची नाही' असेच तिघे सांगतात. स्वतंत्र परंपरांची ही एकवाक्यता मला त्या शब्दाच्या हरवलेल्या सुरापेक्षा अधिक विश्वसनीय वाटते. वडील ही गोष्ट आजीच्या हट्टाचे उदाहरण म्हणून सांगत, काका तिच्या मायेचे म्हणून. अर्थ न कळताही शब्द जसाच्या तसा पुढे गेला, हे मौखिक परंपरेचे बळ.

मराठी समाजाला एक चिनी सून चांगली ठाऊक आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथे परिचारिका म्हणून काम करणाऱ्या को छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच वारले. त्याच वर्षी जन्मलेल्या मुलाच्या 'इन्ह्वा' या नावात भारत आणि चीन ही दोन्ही नावे गुंफलेली होती. तो मुलगा १९६७ मध्ये, वैद्यकीय शिक्षण पुरे होण्याच्या सुमारास गेला. ही कथा ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये पुस्तकरूपाने सांगितली, व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये पडद्यावर आणली. त्या पडद्यावरची चिनी नायिका जयश्री या मराठी अभिनेत्रीने साकारली. को छिंगलान यांना पुढे दीर्घ आयुष्य लाभले, त्या भारतात येत राहिल्या, २०१२ मध्ये वारल्या. पण आपल्या लोकप्रिय कथनात त्यांचे आयुष्य कोटणीसांच्या भेटीपासून सुरू होते. मैत्रीचे प्रतीक झालेल्या स्त्रीला पूर्वायुष्य असण्याची गरज उरत नाही. आमच्या आजीच्या गोष्टीला तर प्रतीक होण्याचीही सोय नव्हती. १९४६ मध्ये चिनी सून ही पडद्यावर आदर्श होती आणि सोळा वर्षांनी तिला रंगूनची व्हावे लागले. या दोन्ही टोकांच्या मध्ये खऱ्या स्त्रीला बोलता येईल अशी जागा आपल्या वाङ्मयात नव्हती.

हे मराठी वाङ्मयाविषयी म्हणताना संकोच वाटतो, कारण स्त्रीच्या आत्मकथनाची इतकी समृद्ध परंपरा फार थोड्या भारतीय भाषांत आहे. रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक, पुढे 'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या बेबी कांबळे. पण या सर्व लेखिकांची मातृभाषा त्यांच्या बाजूला होती. आजीजवळ जे दुःख होते ते एका भाषेतले आणि जे श्रोते होते ते दुसऱ्या भाषेतले. ओवीत ते घालायचे तर जात्याशी बसलेल्या बायकांचा पूर्वापार सूर हवा, आणि तो तिला उसना घ्यावा लागला असता. देशभरही हे मौन सुमारे अर्धशतक टिकले. देवलीच्या छावणीवरील रीटा चौधरी यांची 'माकाम' ही असमिया कादंबरी २०१० मध्ये आली, आणि जॉय मा व दिलीप डिसोझा यांचे छावणीतून गेलेल्यांच्या निवेदनांवर आधारलेले इंग्रजी पुस्तक २०२० मध्ये. घरांतली मौने आणि देशाचे मौन एकमेकांना आधार देत उभी होती.

इथे पाठचिकित्सेचा आदर्श अपुरा पडतो हेही नोंदवले पाहिजे. हस्तलिखितांच्या वंशवृक्षाच्या मुळाशी एक हरवलेली मूळ प्रत गृहीत असते, आणि लेखनिकाची चूक ही चूकच असते. आमच्या बाबतीत जिला मूळ प्रत म्हणावे ती स्वतः तीस-पस्तीस वर्षे घरात वावरत होती. 'जुई-जाई'ची ओळ तिच्यासमोर शेकडो वेळा सांगितली गेली. तिने ती कधी दुरुस्त केली नाही. आत्या म्हणतात, "ती हसायची. एकदा तर तिनंच मोगऱ्याशेजारी जाईचा वेल लावला." तेव्हा हा अपपाठ मानायचा की कर्त्रीने मान्य केलेला पाठ? माहेरी फुले नसलेल्या स्त्रीला मुलांनी नकळत एक अंगण दिले आणि तिने ते घेतले. दास्याच्या शब्दाचे फुलात झालेले रूपांतर केवळ ऐकण्यातली चूक म्हणून काढून टाकणे ही चिकित्सा होईल, पण तो न्याय होईल असे वाटत नाही. उलट, ते काव्यमय म्हणून तसेच ठेवून देणे म्हणजे एका विकल्या गेलेल्या मुलीवर दुसऱ्यांदा पडदा टाकणे होईल. कौटुंबिक कथनाचा अभ्यास करणाऱ्याला या दोहोंपैकी एकाची निवड करून मोकळे होता येत नाही.

कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी माहिती मागवणारे पत्र आले तेव्हा हा प्रश्न सैद्धान्तिक राहिला नाही. 'माहेर' या रकान्यात आता काय लिहायचे? आत्यांचे मत स्पष्ट होते. "रंगून खोडा. माझगाव घाला. पण तो शब्द घरच्या पुस्तकात नको. तुमच्या मासिकात लिही हवं तर." मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "तिथं वाचतील ते विचार करतील. इथं वाचतील ते सोयरीक जुळवतील." वाचकवर्ग बदलला की संहितेचा अर्थ बदलतो हे आपण पुस्तकांतून शिकतो. आत्यांना ते जगण्यातून ठाऊक होते. आईला संरक्षण म्हणून ज्या मुलीने सहा दशके एक गोष्ट सांगितली, तिच्या या निर्णयाला मी संपादकीय निर्णयाचाच मान देते.

सुखटणकरांच्या आवृत्तीत एक साधी खूण आहे. संपादकाला ज्या पाठाची खात्री नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ छापलेली असते, आणि नाकारलेले पाठ फेकून न देता पानाच्या तळाशी लहान टाइपात ठेवलेले असतात, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला वेगळा निर्णय घेता येतो. कुलवृत्तांताच्या संपादकांकडे मी 'माझगाव, मुंबई' असे पाठवले आहे आणि खाली तशी रेघ ओढली आहे. ती छपाईत राहील की नाही हे त्यांच्या हाती. तळटीप देण्याची सोय त्या पुस्तकात नाही, म्हणून ती इथे दिली.